‘फेड’ : खार्किवच्या अनाथ मुलांचा कॅमेरा

फिल्मवर फोटो काढण्याची हौस गेल्या काही वर्षांत पुन्हा वाढली आहे. मोबाइलवर हजारो फोटो काढून कंटाळलेली कॉलेजातली मुले आता छत्तीस फोटोंचा एक रोल जपून वापरताना दिसतात. त्यांतल्या पुष्कळांना रेंजफाइंडर हवा असतो. लहान, हलका, फारसा आवाज न करणारा, खांद्याला अडकवून बाजारात हिंडता येईल असा. मग प्रश्न येतो पैशांचा. लायका घ्यावा तर शिक्षकाचा काही महिन्यांचा पगार जाईल. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यांची यादी निघते आणि त्या यादीत कॅनोनेट, यशिका, झोर्की यांच्या जोडीला एक नाव हमखास असते : फेड.

मराठीत फेड म्हणजे परतफेड. कर्जाची फेड, उपकारांची फेड. या कॅमेऱ्याच्या नावाचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. ती फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की या माणसाची आद्याक्षरे आहेत. झेर्झिन्स्की हा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. आणि त्याच्या नावाचा कॅमेरा बनवला तो रस्त्यावर वाढलेल्या अनाथ मुलांनी. पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, हे या लेखाच्या शेवटी सांगणार आहेच. पण जो कॅमेरा घ्या असे मी सांगणार आहे, तो कोणाच्या हातून आला हे आधी पाहू.

दोन डोळ्यांचे यंत्र

नाकासमोर बोट धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट जागचे हलल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितके जास्त हलते. या फरकावरूनही आपल्या मेंदूला अंतर कळते. रेंजफाइंडर हेच काम करतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. एका खिडकीतले दृश्य सरळ दिसते, दुसरीतले आरशाने किंवा प्रिझमने वळवून त्यावर टाकलेले असते. लेन्स फिरवली की दुसरे चित्र सरकते. दोन्ही चित्रे एकमेकांवर बरोबर बसली की समजावे, अंतर जुळले. दोन खिडक्यांमधले अंतर जितके जास्त, तितके माप अचूक.

छोट्या कॅमेऱ्याची कल्पना जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीतला कारागीर ऑस्कर बार्नाक याची. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून त्याने १९१३-१४ च्या सुमारास नमुना तयार केला. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. १९३२ च्या लायका-२ मध्ये रेंजफाइंडर लेन्सशी जोडलेला होता. म्हणजे आधी अंतर मोजा, मग लेन्सवर लावा, ही दुहेरी कटकट संपली. जगभरच्या कारखानदारांची नजर या कॅमेऱ्यावर गेली. त्यांतला एक ‘कारखानदार’ युक्रेनमधला एक यतीमखाना होता.

रस्त्यावरची मुले

पहिले महायुद्ध, क्रांती, यादवी युद्ध आणि १९२१-२२ चा दुष्काळ. या सगळ्यांतून सोव्हिएत देशात लाखो मुले बेघर झाली. स्टेशनांवर, डांबर वितळवण्याच्या कढयांच्या उबेला, मालगाडीच्या डब्याखाली ती राहत. चोरी करत, टोळ्या करत. १९२१ मध्ये सरकारने मुलांच्या जीवनसुधारणेसाठी आयोग नेमला आणि त्याचा अध्यक्ष केला झेर्झिन्स्कीला. ज्याच्या खात्याने हजारोंना गोळ्या घातल्या, त्याच्याकडेच अनाथांची काळजी.

१९२६ मध्ये झेर्झिन्स्की वारला. युक्रेनमधल्या गुप्त पोलिसांनी आपल्या पगारातून वर्गणी काढली आणि खार्किव शहराच्या कडेला त्याच्या स्मरणार्थ मुलांसाठी श्रमवसाहत उभारली. डिसेंबर १९२७ मध्ये ती सुरू झाली. चालवायला एक शिक्षक बोलावला : अंतोन माकारेन्को.

बी.एड.ला आम्हाला रूसो, फ्रोबेल, मॉन्टेसरी, ड्युई, गांधीजी शिकवले. माकारेन्को परीक्षेला नव्हते. पण ज्याने वर्गात दांडगी मुले सांभाळली आहेत, त्या प्रत्येक शिक्षकाने त्यांचे ‘पेडगॉजिकल पोएम’ मिळवून वाचावे. १९२० मध्ये पोल्ताव्हाजवळ बालगुन्हेगारांची वसाहत त्यांच्या ताब्यात आली तेव्हा हाताशी फुटकी इमारत होती आणि आपले ऐकतील असे एकही मूल नव्हते. हळूहळू त्यांनी रीत बसवली. मुलाच्या जुन्या गुन्ह्यांची फाइल उकरायची नाही. मुलांच्या तुकड्या करायच्या, प्रत्येक तुकडीला नायक मुलांतलाच, आणि नायकांच्या सभेचा निर्णय संचालकानेही मानायचा. बिगूल, बँड, सलामी असा लष्करी थाटही होता. काहींना तो खुपतो, मलाही खुपतो. पण ज्या मुलाला जगाने कधी नावाने हाक मारली नाही, त्याला जबाबदारी देऊन त्याची इज्जत करणे, हे सूत्र माकारेन्कोंनी प्रत्यक्षात आणून दाखवले.

खार्किवच्या वसाहतीत दिवसाचे साधारण चार तास काम आणि तेवढीच शाळा असे. कामाची मजुरी मिळे. त्यातला काही भाग खर्चाला, काही बाहेर पडल्यावरच्या आयुष्यासाठी शिल्लक. सुरुवातीला सुतारकाम, शिवणकाम. मग १९३२ मध्ये विजेवर चालणारी ड्रिल मशिन्स. पुढे कॅमेरा.

लायकाचे शेकडो सुटे भाग. शटरचे पडदे सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटायचे. लेन्स आणि फिल्म यांतले अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळायचे. इंजिनियर आणि मुलांनी मिळून लायका-२ खोलला, एकेक भाग मोजला, आणि १९३२ च्या अखेरीपर्यंत पहिले नमुने तयार केले. १९३४ पासून नियमित उत्पादन सुरू झाले. लेथवर उभ्या असलेल्या त्या पोरांतली कित्येक काही वर्षांपूर्वी खिसे कापत होती. तेच हात आता जगातल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक जुळवत होते. हुनर कुठे दडलेला असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

याच दशकात आपल्याकडेही कामातून शिक्षणाचा विचार चालू होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमचा आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची कल्पना. झाकीर साहेबांच्या अहवालाने हस्तव्यवसायाची बाजू जोरात मांडली, पण एक इशाराही दिला. कमाईच्या बाजूवर जास्त भर दिला तर शिक्षणाचा मूळ हेतू बाजूला पडेल. शिक्षक सगळा वेळ मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात घालवेल.

खार्किवमध्ये पुढे तेच झाले. कॅमेऱ्याला मागणी वाढली, उत्पादनाचे आकडे वरून ठरू लागले, बाहेरचे कामगार आले. १९३५ मध्ये माकारेन्कोंची कीव्हला बदली झाली. दशकाच्या अखेरीस वसाहत संपली होती, कारखाना उरला होता.

त्याच शहरात, त्याच वर्षी

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १९३० च्या दशकातला फेड हातात घेतला तर वरच्या पट्टीवर रशियन लिपीत कोरलेले दिसते : फेड, श्रमवसाहत, एन.के.व्ही.डी., युक्रेन, खार्किव. एन.के.व्ही.डी. म्हणजे गुप्त पोलिसांचे खाते. मालक कोण हे लपवलेले नव्हते, मिरवलेले होते.

मुले कॅमेऱ्याचे पहिले नमुने जुळवत होती, तो १९३२-३३ चा हिवाळा युक्रेनच्या इतिहासातला सर्वांत भयंकर हिवाळा. सरकारने शेतकऱ्यांकडून धान्य ओरबाडून नेले. कोटा पुरा न करणाऱ्या गावांचा पुरवठा तोडला. जानेवारी १९३३ मध्ये भुकेल्या शेतकऱ्यांनी युक्रेन सोडून जाऊ नये म्हणून हुकूम निघाला, आणि स्टेशनांवर, रस्त्यांवर त्यांना अडवून परत पाठवण्याचे काम गुप्त पोलिसांनी केले. अभ्यासकांच्या अंदाजानुसार युक्रेनमध्ये ३५ ते ४० लाख माणसे मेली. खार्किव तेव्हा युक्रेनची राजधानी होती. भाकरीच्या शोधात शहरात पोचलेले शेतकरी तिथल्या फुटपाथांवर मरून पडत होते.

त्या शहरात तेव्हा अलेक्झांडर व्हिनरबर्गर नावाचा एक ऑस्ट्रियन इंजिनियर नोकरीला होता. त्याच्याकडे लायका होता. लपतछपत त्याने सुमारे शंभर फोटो काढले. दुकानांपुढच्या रांगा, हाडांचा सापळा झालेली मुले, रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते आणि त्यांच्या बाजूने चाललेले लोक. सापडला असता तर सुटला नसता. १९३४ मध्ये देश सोडताना त्याने निगेटिव्ह ऑस्ट्रियाच्या राजनैतिक टपालातून बाहेर धाडल्या. सोव्हिएत सरकार दुष्काळ झालाच नाही म्हणत राहिले. त्या दुष्काळाचे जे थोडे अस्सल फोटो आज जगाकडे आहेत, त्यांतला मोठा भाग या एका कॅमेऱ्यातून आलेला आहे.

एका शहरात एकाच वेळी दोन रेंजफाइंडर. एक महागडा, परदेशी माणसाच्या कोटाखाली लपलेला, जे दिसू नये ते टिपणारा. दुसरा त्याचीच नक्कल, अनाथ मुलांच्या हातचा, आणि ज्यांनी त्या शेतकऱ्यांचे रस्ते अडवले त्यांचे नाव मिरवणारा.

म्हणजे लायका पवित्र आणि फेड पापी, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. लाइट्झ कंपनीचा मालक एर्न्स्ट लाइट्झ दुसरा याने हिटलरच्या काळात आपल्या कित्येक ज्यू कामगारांना परदेशी शाखांत नोकरी देऊन जर्मनीबाहेर काढले. त्याची मुलगी एल्सी हिने ज्यू स्त्रियांना सीमेपलीकडे जायला मदत केली म्हणून १९४३ मध्ये गेस्टापोने तिला तुरुंगात टाकले. हे खरे आहे. आणि त्याच कारखान्याने जर्मन सैन्याला लष्करी सामग्री पुरवली, हेही खरे आहे. तिथे सक्तीने आणलेल्या शेकडो युक्रेनियन मजुरांना राबवले. त्यांचे हाल कमी व्हावेत म्हणूनही एल्सी झगडली. व्हिनरबर्गरचे फोटोसुद्धा पुढे नाझी प्रचाराने आपल्या कामाला लावले. फोटो खरा असला तरी तो दाखवणाऱ्याचा हेतू खरा असेलच असे नाही.

शिक्षक म्हणून मला या इतिहासातून एक गोष्ट पक्की वाटते. मुलांनी केलेल्या कामाचे श्रेय मुलांचे आणि शिक्षकाचे. ते पोलीस खात्याच्या खात्यावर जमा करू नये. अनाथांना छप्पर दिले म्हणून १९३२-३३ ची भूक माफ होत नाही. १९३७-३८ या दोन वर्षांत खुद्द सोव्हिएत नोंदींप्रमाणे सुमारे ६,८०,००० माणसांना राजकीय आरोपांखाली गोळ्या घातल्या गेल्या, त्यांचेही रक्त धुऊन निघत नाही. तसेच उलट. खात्याच्या गुन्ह्यांसाठी लेथवर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या पोराला जबाबदार धरता येत नाही. यतीमखाने, वसतिगृहे, आश्रमशाळा बांधणारे दाते आपल्याकडेही आहेत. दात्याच्या नावाची पाटी वाचताना आत राहणाऱ्या मुलाचे कर्तृत्व वेगळे मोजायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

फेडचे पुढे काय झाले

१९४१ मध्ये जर्मन सैन्य खार्किववर चालून आले. तोपर्यंत दीड लाखाहून जास्त फेड तयार झाले होते. कारखान्याची यंत्रे सैबेरियात बेर्द्स्कला हलवली. युद्धानंतर उत्पादन पुन्हा खार्किवला सुरू झाले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला १९४८ पासून त्याच बांध्याचा झोर्की निघू लागला.

१९५५ मध्ये फेड-२ आला. हा नुसती नक्कल नव्हता. रेंजफाइंडरच्या खिडक्यांमधले अंतर जुन्या फेडच्या ३८ मिलिमीटरवरून ६७ पर्यंत वाढवले. पाहायची आणि अंतर जुळवायची खिडकी एकच केली. मागची पाठ पूर्ण निघू लागल्यामुळे फिल्म भरणे सोपे झाले. चश्मेवाल्यांसाठी खिडकीचा नंबर बदलण्याची सोयही दिली. साध्या पगारदार माणसाला परवडेल असा चांगला कॅमेरा सोव्हिएत घरांतून पोचला तो मुख्यतः फेड आणि झोर्कीमुळे. लग्ने, बारशी, शाळेतल्या सहली, आजी-आजोबा. सरकारला ज्यांच्यात रस नव्हता असे लाखो चेहरे या कॅमेऱ्यांनी जपून ठेवले.

१९९० च्या दशकात फेड कॅमेरे बंद झाले. फेड नावाचा उद्योग विमानांचे भाग बनवत राहिला. २०२२ पासून खार्किव शहर रशियन क्षेपणास्त्रांच्या माऱ्याखाली आहे.

आता घेताना

इतके वाचून झाल्यावर कामाचे बोलू.

कमी पैशांत पहिला रेंजफाइंडर हवा असेल तर माझे मत फेड-२ ला. लेन्स बदलता येते, बॅटरी लागत नाही, आणि साध्या यंत्राची सगळी विद्या तो शिकवतो. इंडस्टार-२६ किंवा इंडस्टार-६१ लेन्ससह मिळाला तर उत्तम. झोर्की-४ ही चांगला. त्याला सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षाही मंद वेग आहेत आणि सोबत बऱ्याचदा ज्युपिटर-८ लेन्स मिळते. युद्धापूर्वीचा फेड हौशी संग्राहकांसाठी सोडावा. त्या काळी प्रत्येक लेन्स ज्या त्या कॅमेऱ्याला जुळवलेली असे. एकाची दुसऱ्याला लावली तर चित्र धूसर येते.

जपानी पर्यायही वाईट नाहीत. १९६१ चा पहिला कॅनोनेट मध्यमवर्गाला परवडावा म्हणूनच काढलेला होता. १९६६ चा यशिका इलेक्ट्रो-३५ उजेड स्वतः मोजतो. पण यांची लेन्स बदलत नाही, विजेचे भाग जुने झालेले असतात, आणि काहींना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. बिघडला तर दुरुस्त करणारा शोधत हिंडावे लागते.

विकत घेण्यापूर्वी एवढे तपासा :

१. लेन्स काढून, पाठ उघडून शटरचा कापडी पडदा उजेडासमोर धरा. सुईएवढे भोकही फोटोवर पांढरा ठिपका आणते. उघडी लेन्स उन्हाकडे ठेवल्याने पडदा जळतो, ही या कॅमेऱ्यांची जुनी तक्रार.

२. दूरचा मनोरा किंवा टॉवर पाहा. लेन्स अनंतावर असताना दोन चित्रे एक झाली पाहिजेत. मग दोन-तीन मीटरवरच्या वस्तूवर पुन्हा पाहा.

३. प्रत्येक वेगावर शटर सोडून ऐका. वेग बदलला तर आवाजही बदलला पाहिजे.

४. आधी खटका भरा, मगच वेगाची चकती फिरवा. उलट केले तर आतला भाग मोडू शकतो. सोव्हिएत कॅमेरा हातात घेणाऱ्याने हा नियम पहिल्या दिवशी पाठ करावा.

५. ‘नाझी काळातला अस्सल लायका’ स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. पितळी, सोनेरी, गरुड आणि स्वस्तिक कोरलेले असे असंख्य कॅमेरे बाजारात फिरतात. त्यांतले बहुतेक मुळात फेड किंवा झोर्की असतात. लेन्स काढून आत पाहा. रेंजफाइंडरला ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाला लायकात छोटे गोल चाक असते, फेडमध्ये सपाट जिभेसारखा तुकडा.

फेड-२ मध्ये उजेड मोजायचे यंत्र नाही. घाबरू नका. दोनशे स्पीडची फिल्म, कडक ऊन, लेन्स सोळावर, वेग अडीचशे. सावलीत लेन्स दोन-तीन घरे उघडा. आपल्याकडचे ऊन वर्षातले आठ महिने या हिशेबाला चुकत नाही.

पाचव्या मुद्द्यातले खोटे लायका मला सगळ्यांत जास्त खटकतात. गिऱ्हाईक फसते हे आहेच. पण ते बनवताना कारागीर आधी काय करतो? वरच्या पट्टीवरची ‘श्रमवसाहत, खार्किव’ ही अक्षरे घासून काढतो. ज्या मुलांची नावे कुठल्याच कॅमेऱ्यावर कधी कोरली गेली नाहीत, त्यांच्या कामाची राहिलेली शेवटची खूणही तो पुसतो आणि तिथे मारेकऱ्यांचे चिन्ह उमटवतो, कारण बाजारात त्याला जास्त भाव आहे.

तेव्हा फेड घ्याल तर फेड म्हणूनच घ्या. कोणी विचारले तर सांगा, याची पहिली पिढी खार्किवच्या यतीम पोरांनी बनवली होती. कोणाच्या छताखाली बनवली तेही सांगा. त्यांच्या मेहनतीची फेड आज कोणाला करता येणार नाही, पण हिशेब तरी पूर्ण मांडता येईल.